तारा बुक्स, चेन्नई: पुस्तकं महाग आहेत, पण पैसे कुठे जातात ते दिसतं

आधीच सांगून टाकते, तारा बुक्सची पुस्तकं स्वस्त नाहीत. त्यांचं हाताने छापलेलं एखादं पुस्तक घ्यायचं म्हटलं की आकडा हजाराच्या पुढेच जातो, तेवढ्यात आपल्याकडे तीनचार मराठी कादंबऱ्या घरी येतात, आणि उघडून बघितलं तर आत पानं कमी आणि मजकूर त्याहून कमी. तरीसुद्धा मी ही पुस्तकं घेत आलेय, भेट देत आलेय, शाळेत मुलांपुढे ठेवत आलेय. मी चित्रकला शिकवते, त्यामुळे मैत्रिणींना वाटतं की हे चित्रांचं वेड आहे. ते आहेच, पण मुख्य कारण वेगळंय. हे प्रकाशक आपल्या लेखकांशी आणि चित्रकारांशी कसं वागतात ते मला मनापासून पटतं, आणि त्यासाठी मी जास्तीचे पैसे द्यायला तयार आहे. का ते सविस्तर लिहितेय, लांब होणारे, चहा घेऊन बसा.

ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. गीता वुल्फ यांनी १९९४ मध्ये चेन्नईत हे प्रकाशन सुरू केलं, व्ही. गीता तिथे संपादक आहेत. मोठ्या कंपनीचं पाठबळ वगैरे नाही, स्वतंत्र, लहान, आणि लहानच राहायचं हे ठरवून राहिलेलं प्रकाशन. सुरुवातीलाच त्यांनी 'द व्हेरी हंग्री लायन' नावाचं मुलांचं पुस्तक केलं, हातकागदावर, हाताने स्क्रीन प्रिंटिंग करून. नमुन्याची प्रत घेऊन फ्रँकफर्टच्या पुस्तक जत्रेत गेले आणि कॅनडातल्या एका प्रकाशकाने थेट हजारोंनी प्रती मागितल्या. आता हाताने छापून हजारो प्रती करायच्या कशा? पण केल्या! तिथूनच त्यांची छपाईची पद्धत बसली. पुढे २०१३ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या बालपुस्तक जत्रेत आशियातला सर्वोत्तम प्रकाशक म्हणून त्यांची निवड झाली, २०१७ मध्ये टोकियोच्या इताबाशी कला संग्रहालयात त्यांच्या पुस्तकांचं मोठं प्रदर्शन भरलं. म्हणजे जगभर नाव आहे, आणि आपल्याकडच्या किती वाचनालयांत यांचं एक तरी पुस्तक असेल याचा विचार केला की वाईट वाटतं.

आता पुस्तकावर येते. सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज', २००६ चं. भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंग उर्वेती हे तिघं गोंड चित्रकार. गोंडांमध्ये असं मानतात की झाडं दिवसभर सावली द्यायच्या, आसरा द्यायच्या कामात गुंतलेली असतात आणि रात्री सगळे निजले की त्यांचं खरं रूप दिसतं. म्हणून पानं काळीकुट्ट, आणि त्या काळ्यावर झाडं उजळलेली. पिंपळाचं एक झाड आहे, त्याचा अख्खा आकार आणि त्याच्या पानाचा आकार एकच, ते चित्र मी वर्गात दाखवलं तेव्हा मुलं उठून खिडकीशी गेली, बाहेर आमच्या आवारात पिंपळ आहे, आणि पुढचा सगळा तास खरंच तसं आहे का हे बघण्यात गेला. मला आणखी काही शिकवावं लागलं नाही त्या दिवशी.

पुस्तक हातात घेतल्यावर पहिली जाणवते ती शाई. बोट फिरवलं की रेषा लागते, कारण शाईचा थर कागदाच्या वर उभा असतो, ऑफसेटसारखा, म्हणजे नेहमीच्या यंत्रावरच्या छपाईसारखा, कागदात मुरलेला नसतो. कागद सुती चिंध्यांपासून केलेला, जाड, किंचित खडबडीत, कडा एकदम करवतीने कापल्यासारख्या सरळ नाहीत. वासही वेगळा येतो, माझ्याकडची प्रत जुनी झाली तरी अजून येतो. शिलाई दोऱ्याची. आणि प्रत्येक प्रतीवर हाताने नंबर घातलेला असतो. पुढच्या आवृत्तीत मुखपृष्ठ बदलतात, त्यामुळे तुमच्याकडची प्रत आणि माझ्याकडची प्रत वेगळी दिसू शकते, दोघी समोरासमोर ठेवून बघायला मजा येते.

स्क्रीन प्रिंटिंग म्हणजे काय ते आपल्याकडे बऱ्याच जणांना माहिती असेल, लग्नपत्रिका आणि व्हिजिटिंग कार्डं गावोगाव अशीच छापायचे की. लाकडी चौकटीवर ताणलेली जाळी, जिथे शाई नको तिथली भोकं बुजवलेली, वरून रबरी पट्टीने शाई ओढायची की खाली कागदावर उमटते. एका वेळी एकच रंग. तो वाळवायचा, मग दुसरी चौकट, दुसरा रंग, आणि तो पहिल्याच्या बरोबर जागेवर बसला पाहिजे, केसाएवढा सरकला तरी चित्र डोळ्याला खटकतं. आता हे पत्रिकेसाठी ठीके, एक कागद एक दोन रंग. पण एका पुस्तकात इतकी पानं, प्रत्येक पानाला दोनतीन रंग, आणि अशा हजारो प्रती, म्हणजे लाखाच्या घरात वेळा कुणीतरी ती पट्टी हाताने ओढलेली असते. हे डोक्यात आलं की किंमत बघायची नजर बदलते.

हे काम करणारं वर्कशॉप म्हणजे ए एम एम स्क्रीन्स, सी. अरुमुगम ते चालवतात, साधारण पंचवीसेक कारागीर, बरेचसे तमिळनाडूच्या गावांतून आलेले. तारा आणि हे वर्कशॉप सुरुवातीपासून एकत्र वाढलेत. कारागिरांना योग्य मोबदला आणि नीट कामाची परिस्थिती द्यायची हा तारा बुक्सच्या धंद्याचा भागच आहे, जाहिरातीपुरता नाही. ते कसं कळतं? वेगावरून कळतं. मागणी वाढली म्हणून यंत्रावर टाकलं, रात्रपाळी लावली, असं ते करत नाहीत. पुस्तक संपलं की संपलं, पुढची खेप छापून होईपर्यंत थांबा, मग तुम्ही चेन्नईचे असा नाहीतर पॅरिसचे. परदेशी प्रकाशकसुद्धा महिनोनमहिने थांबतात. आजकाल सकाळी मागवलं की संध्याकाळी दारात पाहिजे अशी आपली सगळ्यांची सवय झालीये, आणि हे लोक सांगतात की माणसाच्या हाताला जेवढा वेळ लागतो तेवढा लागेल. मला हे आवडतं. काहींना त्रास वाटेल, त्यांनी ऑफसेटवर छापलेली पुस्तकं घ्यावीत, ताराची तीही आहेत आणि चांगली आहेत, किमतीलाही बरीच कमी.

आता लेखकांचं, म्हणजे ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते.

भज्जू श्याम मध्य प्रदेशातल्या पाटणगढचे, गोंडांमधल्या परधान समाजातले. भोपाळला आले तेव्हा रात्रीची चौकीदारी केली, इलेक्ट्रिशियनची कामं केली, मग काका जनगढसिंग श्याम यांच्या हाताखाली चित्रं काढायला लागले. पुढे लंडनमधल्या एका भारतीय रेस्टॉरंटच्या भिंती रंगवायला त्यांना नेलं, दोन महिने तिथे होते. परत आले आणि गोष्टी सांगायला लागले. 'द लंडन जंगल बुक' हे २००४ चं पुस्तक त्या गोष्टींमधून झालं. भज्जू बोलले, चित्रं काढली, गीता वुल्फ आणि सिरीश राव यांनी त्यांच्याशी बसून बसून मजकूर लिहून काढला. विमान म्हणजे पंख फुटलेला हत्ती, एवढं जड धूड उडतं म्हणजे काय! जमिनीखालून जाणारी रेल्वे म्हणजे गांडूळ. नेहमीची ३० नंबरची बस म्हणजे इमानी कुत्रा, वेळेवर येतो आणि घरी सोडतो. बिग बेनचं घड्याळ आणि गावाकडचा कोंबडा एकच, दोघंही वेळ सांगतात. आणि इंग्रज माणसं वटवाघळं, दिवसा कुठे दिसत नाहीत, रात्र झाली की पबमध्ये गोळा होतात. हे वाचताना मला जाणवलं की आजवर साहेब आपल्या जंगलात येऊन आपल्याबद्दल लिहून गेले, इथे जंगलाकडचा माणूस साहेबाच्या शहरात गेला आणि त्याने आपल्या नजरेने ते शहर मांडलं. आणि या पुस्तकाचे लेखक भज्जू श्याम आहेत, "चित्रे: अमुक" असं आत बारीक अक्षरात नाही. लेखक म्हणून नाव, कॉपीराइट, आगाऊ रक्कम, रॉयल्टी. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, दुर्गाबाईंना २०२२ मध्ये. तारा बुक्स त्यांच्याकडे पद्मश्रीच्या कितीतरी आधी गेलं होतं, लेखक म्हणून.

हे का महत्त्वाचं आहे ते महाराष्ट्रातल्या माणसाला तर लगेच कळायला पाहिजे, कारण आपल्याकडे वारली आहे. वारली कुठे नाही सांगा? साडीवर आहे, कुर्त्यावर आहे, कपावर, मोबाईलच्या कव्हरवर, सोसायटीच्या लॉबीत, हॉटेलच्या भिंतीवर, रेल्वे स्टेशनावर. गोल करून तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणारी माणसं प्रत्येकाने पाहिलीत. आणि चित्रकाराचं नाव? विचारा कुणालाही. फार तर जिव्या सोमा म्हसे हे एक नाव येईल, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. बाकी सगळं नुसतं "वारली". मूळ तर ती बायकांची कला, लग्नाच्या वेळी घरातल्या भिंतीवर सवाष्णी तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहायच्या, त्यात पालघाट देवी काढायच्या. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूकडे गेले, कागद आणि रंग दिले, आणि ती भिंतीवरून कागदावर आली. पुढे बाजारात आली, आणि बाजारात येताना नाव गळून पडलं. डहाणू तलासरीकडचा एखादा मुलगा दिवसभर बसून भिंत रंगवून जातो आणि खाली सही करू का विचारायची त्याची हिंमत होत नाही, हे मी स्वतः पाहिलंय.

आणि मग चेन्नईचं एक प्रकाशन २००९ मध्ये 'डू!' नावाचं पुस्तक काढतं. वारली चित्रकार रमेश हेंगडी आणि शांताराम धाडपे, सोबत रसिका हेंगडी आणि कुसुम धाडपे, म्हणजे दोन्ही घरांतल्या बायकांची नावंसुद्धा! मजकूर गीता वुल्फ यांचा, तोही जेमतेम. एकेक क्रियापद घेतलंय आणि ती क्रिया करणारी माणसं, जनावरं, पाखरं पानभर पसरलीत. तपकिरी खाकी कागद, त्यावर पांढरी शाई, म्हणजे थेट गेरूच्या भिंतीची आठवण. वारलीमध्ये माणूस म्हणजे दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवलेले, त्यांचा तोल जरा हलवला की माणूस वाकतो, पळतो, ओझं उचलतो, म्हणून क्रियापदं शिकवायला याच्यासारखी चित्रभाषा नाही. ही कल्पना ज्याला सुचली त्याने वारली चित्रं नुसती छान आहेत म्हणून पाहिली नाहीत, ती कशी चालतात ते ओळखलं, आणि पुस्तक त्यावर उभं केलं.

यात आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. वर सांगितलं ते पहिलं सिंहाचं पुस्तक, त्यातली चित्रंही वारली ढंगाचीच आहेत, पण ती इंद्रप्रमित रॉय या शिकलेल्या चित्रकाराने वारलीवरून प्रेरणा घेऊन काढलीत. चित्रं सुंदर आहेत, प्रश्न तो नाही. पण नव्वदच्या दशकात "वारलीवरून प्रेरणा" इथून सुरू झालेलं प्रकाशन २००९ पर्यंत "वारली चित्रकार हेच लेखक" इथपर्यंत आलं. याला मी वाढणं म्हणते. शैली उचलणं सोपं आहे, माणसाला बोलावून, त्याच्याबरोबर बसून, त्याला पुस्तक हा प्रकार समजावून देणं आणि त्याच्याकडून त्याची रीत समजून घेणं याला वेळ लागतो. भिंतीला पानं नसतात, पटचित्राच्या, म्हणजे उलगडत गोष्ट सांगायच्या लांब चित्राच्या, गुंडाळीला मध्येच पान उलटणं नसतं. ज्या माणसाने आयुष्यभर भिंतीवर काढलं त्याला बत्तीस पानांत गोष्ट कशी तोडायची हे सहज सुचणार नाही, आणि संपादकालाही भिंत कशी वाचतात ते कळत नाही. तारा यासाठी चित्रकारांच्या कार्यशाळा घेतं, वेगवेगळ्या परंपरांमधले लोक एकत्र बसतात. त्यातून पुस्तकाचा आकारच बदलतो, कुठे पानं घडीची होतात, कुठे कापून खिडक्या पाडलेल्या असतात, कुठे अख्खं पुस्तक कापडावर छापलेलं.

'सीताज रामायण' घ्या, २०११ चं. बंगालच्या पटुआ, म्हणजे पटचित्रं काढणाऱ्या समाजातल्या, मोयना चित्रकार यांनी आधी चित्रं काढली आणि संहिता अर्नी यांनी नंतर त्या चित्रांवरून लिहिलं. नेहमी लेखक लिहून देतो आणि चित्रकाराला सांगतात इथे एक राक्षस काढ, इथे उलटं. न्यूयॉर्क टाइम्सच्या ग्राफिक पुस्तकांच्या बेस्टसेलर यादीत ते गेलं होतं. किंवा दुलारीदेवी. बिहारच्या मधुबनी भागातल्या, लोकांच्या घरी धुणीभांडी करायच्या, ज्या घरी काम करायच्या तिथे महासुंदरीदेवी चित्रं काढायच्या, ते बघून शिकल्या. त्यांची गोष्ट त्यांच्याच चित्रांत 'फॉलोइंग माय पेंट ब्रश' मध्ये २०१० मध्ये आली. पद्मश्री २०२१ मध्ये मिळाली, आणि २०२५ च्या बजेटच्या दिवशी अर्थमंत्र्यांनी त्यांनी दिलेली साडी नेसली तेव्हा टीव्हीवर सगळीकडे नाव झालं. आमच्या शाळेतल्या मावशींना मी हे पुस्तक वाचून दाखवलंय, इंग्रजी बाजूला ठेवून, चित्र दाखवत दाखवत मराठीत. त्यांनी पुस्तक मागून घेतलं आणि घरी नेलं नातीला दाखवायला.

आता जरा आपल्याकडे बघा. माझ्या ओळखीतली एक बाई चांगल्या कविता लिहिते. संग्रह काढायचा म्हणून ती एका प्रकाशकाकडे गेली, नाव घेत नाही. उत्तर काय मिळालं? छपाईचा खर्च तुमचा, वर दोनशे प्रती तुम्हीच विकत घ्यायच्या, रॉयल्टीचं नंतर बघू. संपादन शून्य, प्रुफं हिनेच तपासली, मुखपृष्ठावर इंटरनेटवरून उतरवलेलं चित्र. पुस्तक निघालं, प्रकाशनाचा कार्यक्रम झाला, हार तुरे झाले, आणि गठ्ठे तिच्या दिवाणाखाली. मराठीत हे सर्रास चालतं, नव्या लेखकाला तर हीच रीत वाटायला लागलीये. मला माहितीये की मराठी प्रकाशकांचंही अवघड आहे, पाचशे ते हजार प्रतींची आवृत्ती खपायला वर्षं जातात, दुकानदार कमिशन मागतो, ग्रंथालयांचं अनुदान वेळेवर येत नाही. ते सगळं मान्य. पण ज्याच्या लिखाणावर धंदा उभा आहे त्याच्याकडूनच पैसे घ्यायचे याला प्रकाशन म्हणवत नाही मला, ती छपाईची सेवा झाली, तसं स्पष्ट सांगून करावी. आणि चित्रकाराचं तर विचारूच नका. मुखपृष्ठाचे एकदाच काय ते पैसे, ते पण मागून मागून, आणि पुस्तकाच्या दहा आवृत्त्या निघाल्या तरी त्याला पत्ता नसतो.

वाचकांशी तारा कसं वागतं तेही सांगते. त्यांची जागा तिरुवान्मियूरला आहे, कलाक्षेत्र ही नृत्यसंस्था ज्या भागात आहे तोच भाग, समुद्र जवळ. २०१२ पासून त्यांची स्वतःची इमारत आहे, नावच बुक बिल्डिंग. आत दुकान आहे, प्रदर्शनाची जागा आहे, वरती ऑफिस. चेन्नईला गेलात तर आवर्जून जा, कारण ही पुस्तकं स्क्रीनवर बघून कळत नाहीत, हातात घ्यावी लागतात. तिथे पुस्तकं उघडून बघू देतात, कुणी मागे उभं राहून "ताई घ्यायचंय का" करत नाही, आणि काही विचारलं तर छपाई कशी झाली, चित्रकार कोण, कुठले, हे माहिती असलेलं माणूस सांगतं. मी तिथे इतका वेळ बसले की माझी भाची कंटाळून समुद्रावर जाऊन परत आली. ज्यांना जाणं शक्य नाही त्यांना त्यांच्या वेबसाइटवरून मागवता येतं, मोठ्या शहरांतल्या काही दुकानांतही मिळतात.

बजेट कमी असेल तर त्यांच्या फ्लूकबुक वह्या बघा. स्क्रीन लावताना शाई नीट येतेय का बघायला आधी रद्दी कागदावर छापून बघतात, त्याच कागदावर परत परत वेगवेगळ्या पुस्तकांची चित्रं उमटत जातात, झाडावर हत्ती, हत्तीवर अक्षरं, सगळं एकात एक. ते कागद फेकायचे सोडून त्यांच्या वह्या करतात. एकीसारखी दुसरी नसते. मी आठवीच्या मुलांना यातली एक दाखवून मोनोप्रिंटचा, म्हणजे एकच प्रत निघते अशा छापचित्राचा, तास घेतला होता, अफाट चित्रं केली मुलांनी.

तक्रारी आहेत, त्याही लिहायलाच हव्यात. किंमत हा मुद्दा मी वर मिटवला असं नाही. माझ्या पगारात मला परवडतं, पण आमच्या शाळेतल्या बहुतेक घरांमध्ये एका पुस्तकावर एवढे पैसे खर्च होणं शक्यच नाही. आणि ज्या वारली पाड्यावरून ही चित्रकला आली तिथल्या शाळेत हे पुस्तक पोचत नाही, ही बोच राहतेच. हातकागद नाजूक असतो, काळ्या पानांवर मुलांच्या घामट बोटांचे डाग पडतात, लहान वर्गात मोकळं सोडता येत नाही, मी शेजारी बसते आणि पानं उलटते. काही पुस्तकांत मजकूर चित्रांच्या मानाने फिका पडतो असंही मला वाटतं, चित्र सगळं बोलून बसलेलं असतं आणि खालची ओळ नुसती तेच परत सांगते.

सगळ्यात मोठी अडचण भाषेची. माझ्याकडची सगळी पुस्तकं इंग्रजीत आहेत. 'डू!' मधली चित्रं डहाणूच्या मातीतली, आणि शब्द इंग्रजी. मी वर्गात त्या क्रियापदांवर मराठी चिठ्ठ्या लावते, आणि आमच्याकडे एक मुलगा जव्हारकडचा होता, त्याने त्याच्या घरच्या बोलीतले शब्द सांगितले, ते पण लावले. तो पोरगा त्या दिवशी वर्गाचा मास्तर झाला होता. चेन्नईतल्याच तूलिका प्रकाशनाने नऊ भाषांत मुलांची पुस्तकं काढून दाखवलीत, त्यात मराठी आहे, स्वस्त आहेत, आणि शाळांमध्ये पोचतात. दोघांची पुस्तकं वेगळ्या जातीची आहेत, तुलना करायची नाहीये, पण एवढंच की चेन्नईतून मराठी पुस्तक निघणं अशक्य नाही.

आणि हाताने छापलेल्या पुस्तकात तर ते आणखी सोपं आहे. चित्राच्या रंगांच्या चौकटी तशाच ठेवायच्या, फक्त मजकुराची चौकट बदलायची, झाली दुसऱ्या भाषेतली आवृत्ती. परदेशी प्रकाशक हेच करतात. जपानमध्ये तामुरादो नावाचं इवलंसं प्रकाशन आहे, मोठा स्टाफ वगैरे काही नाही, त्यांनी झाडांचं पुस्तक जपानीत काढलं, छापलं जातं चेन्नईतच, आणि तिकडे त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, दर वेळी नवं मुखपृष्ठ. टोकियोतला एवढासा प्रकाशक गोंड चित्रकारांचं पुस्तक आपल्या भाषेत आणू शकतो. गोंड तर आपल्या गडचिरोली चंद्रपूरला राहतात, वारली पालघरला. मराठीत ही पुस्तकं आणायचा हक्क आणि जबाबदारी सगळ्यात आधी आपली आहे असं मला वाटतं.

कुठून सुरुवात करावी विचाराल तर, एकच घ्यायचं असेल आणि पैशाची तयारी असेल तर 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज'. मोठ्यांसाठी आणि वाचायला मजा हवी असेल तर लंडनचं. घरात सहा सात वर्षांचं मूल असेल तर 'डू!', आणि ते नुसतं वाचू नका, खाकी कागद आणि पांढरा रंग आणून शेजारी ठेवा. संपलेलं असेल तर दुसरीकडून चढ्या भावाने घेऊ नका, त्यांना कळवून ठेवा आणि पुढच्या छपाईची वाट बघा, तसं घेतलंत तर चित्रकाराला त्याचा वाटा जातो.

मराठी प्रकाशनातलं कुणी हे वाचत असेल तर तिरुवान्मियूरला एकदा फोन करून मराठी आवृत्तीचं विचारा. दोनतीन प्रकाशकांनी मिळून केलं तरी चालेल, आधी नावं नोंदवून घेऊन केलं तरी चालेल. माझ्या शाळेच्या वाचनालयासाठी दोन आणि घरासाठी एक, अशा तीन प्रती माझ्या नावावर आत्ताच लिहून घ्या.